लाईन बंद असताना ऐकलेला गुरू

सविताला फोन करणारा माणूस एकच गोष्ट विचारायचा. लाईट कधी येणार? नाव नाही, गाव नाही, राम राम नाही. फोन उचलला की थेट प्रश्न. वालूरच्या आजूबाजूची अकरा गावं तिच्याकडं होती. त्या गावांतले खांब, तारा, ट्रान्सफॉर्मरच्या डीप्या, आणि त्यांच्या जिवावर चालणाऱ्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, लेकरांचे अभ्यास, या सगळ्याचा राग तिच्या एका मोबाईलमध्ये येऊन पडायचा. कागदावर ती तंत्रज्ञ होती. लोक तिला 'लाईनमन बाई' म्हणत.

त्यामुळं टाकळीच्या दत्तरावांचा फोन आला तेव्हा हा माणूस काय मागतोय हेच तिला आधी उमगलं नाही.

"बाई, लाईट जरा बंद करता का?"

"काय झालं? तार तुटली का?"

"न्हाई न्हाई, समदं ठीक हाय. पहाटं पाचच्या टायमाला अर्धा तास बंद पायजे होती."

"कशाला?"

"ऐकायचंय," तो म्हणाला.

सविताने फोन कट केला. पिऊन फोन करणारे रोज एक-दोन असायचेच. सकाळी नऊलाच सुरुवात करणारा हा पहिला, एवढंच.

सविताचं वय एकोणचाळीस. तिचा जन्म साखर कारखान्यावरच्या कोपीत, ऊसतोड्यांच्या झोपडीत, झालेला, कारण तिची आई दगडाबाई भरल्या दिवसांतही ऊस तोडत होती. बाकीची भावंडं आईबापामागं कारखान्यावर जायची. सविता मामाकडं राहिली, शाळा शिकली आणि परभणीच्या आयटीआयमध्ये वायरमनच्या ट्रेडला बसली. वर्गात दोनच मुली होत्या. पुढं भरती निघाली, नाव लागलं, आणि पहिल्यांदा खांबावर चढली त्या दिवशी खाली दीडशे माणूस बघायला जमलं होतं. आता बघायला कुणी येत नाही. तेरा वर्षांत खांब तोच, चढणारीही तीच. गुडघे तेवढे दुसऱ्याचे वाटायला लागले होते.

तिला खांबावर चढायला शिकवलं ओमप्रकाशनं. वयानं मोठा, तोंडानं फटकळ, हातानं देव माणूस. दोन वर्षांपूर्वी एका शिवारात तो तार जोडायला चढला. सबस्टेशनमधून लाईन बंद होती, काम होईस्तोवर ती चालू न करण्याचं परमिट घेतलेलं होतं. फक्त तारा जमिनीला जोडणारं अर्थिंग लावायचं त्यानं टाळलं, कारण मोबाईल सारखा वाजत होता आणि लोक शिव्या देत होते. त्याच वेळी पलीकडच्या वस्तीवर एका लग्नाच्या मांडवात कुणीतरी जनरेटर चालू केला. तो करंट उलटा डीपीतून वर चढला. सविता खाली खांबाला लावलेली शिडी धरून उभी होती. पुढचं ती कधी कुणाला सांगत नसे.

त्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी अर्थिंग लावल्याशिवाय ती एक पायरीही चढत नव्हती. कुणी कितीही बोंबलू दे. आणि त्या दिवसापासून तिची झोपही गेली ती गेलीच. नवरा राम सेलूच्या कापसाच्या जिनिंगवर होता, हंगामात दोन-दोन पाळ्या करायचा. मुलगी अपेक्षा आठवीत. घर दगडाबाई सांभाळायची. सविता घरी येऊन जेवायची आणि भिंतीला टेकून बसायची. आई म्हणायची, "अगं पड जरा." ती म्हणायची, "पडते." आणि तशीच बसून राहायची.

दत्तरावांचे फोन थांबले नाहीत. चौथ्या दिवशी टाकळीत डीपीचा फ्यूज उडाला, म्हणून ती गेलीच होती. काम झाल्यावर जाताजाता म्हातारा कोण आहे ते बघावं म्हणून तिनं घर विचारलं.

गावाच्या कडेला, शाळेच्या मागं त्यांचं घर. अंगणात बांबूचे दोन उंच खांब रोवलेले आणि त्यांच्या मधोमध एक तांब्याची तार ताणलेली, बावीस-तेवीस फुटांची. तारेवर एक लुगडं वाळत होतं.

"बघा बाई, तुमीच बघा," घरातून एक म्हातारी बाहेर आली. ही दत्तरावांची बायको, बायनाबाई. "नऊ वरीस झालं ही तार माज्या अंगणात हाय. हिला हात लावू नको म्हंतेत. मग मी धुणं कुठं घालू?"

"अगं एरियल हाय ते!" आतून आवाज आला.

दत्तराव सत्तरीचे, बारीक, कानात केसांचे झुपके. सेलूला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, पस्तीस वर्षं. आधी रेडिओ गेले, मग टेप गेले, मग गिऱ्हाईक गेलं. दुकान बंद करून ते गावी आले तेव्हा परभणीच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी त्यांना एका सर्किटची झेरॉक्स दिली होती. त्या प्राध्यापकांचा रेडिओ ते आयुष्यभर दुरुस्त करत आले होते. म्हणाले, दत्तराव, आता स्टेशनं ऐकून झाली असतील तर हे ऐका.

"काय ऐका?" सविताने विचारलं.

"गुरू."

"कोण गुरू?"

"गुरू ग्रह हो. आभाळातला." त्यांनी खोलीतल्या टेबलावरचा एक जुना लाकडी रेडिओ दाखवला. बाहेरून जुना, आतून सगळा नवा, स्कूटरच्या बॅटरीवर चालणारा. "त्याच्या ध्रुवावर उजेड पडतो. लडाखला मागं आभाळ लाल झालं होतं, बातम्यांत आलतं, बघितलं का? तसाच. ध्रुवप्रकाश म्हंतेत त्याला. आपल्याकडं तो कधीमधी होतो. गुरूवर कायमचा हाय. इझत न्हाई. शनीवर हाय, मंगळावरबी थोडाफार हाय. पण गुरूचा येगळा. ज्या विजेनं तो उजेड पडतो, तीच वीज रेडिओत वाजती. इतं ऐकू येती. माज्या अंगणात."

सविता दारातच उभी होती. टेस्टर तिच्या खिशात, हातमोजे कमरेला, आणि पुढच्या गावातले तीन फोन आधीच येऊन गेलेले.

"मग ऐका की. लाईट कशाला बंद करायची?"

"तेच तर." त्यांनी बटण फिरवलं. रेडिओतून खर्रर्र असा जाड आवाज आला, चक्कीत खडे पडल्यासारखा. "दिवाळीपस्तोर एवढं नव्हतं. आता आठ-धा दिस झाले, ही खरखर. तुमच्या लाईनीत कुठंतरी खराबी हाय, बाई. वरलीकडच्या अंगानं."

"तक्रार कोणाची न्हाई. लाईट चालू हाय ना समद्यांची?"

"लाईट चालू हाय. पण लाईन ओरडायलीय."

"काका," सविता म्हणाली, "माज्याकडं अकरा गावं हायती. ज्यांची लाईट गेली त्यांच्याकडं जायला मला टाईम पुरंना. ज्यांची चालू हाय त्यांच्याकडं कधी जाऊ? आन् मनानं लाईन बंद करता येत न्हाई. नोकरी जाईल माजी."

दत्तरावांनी रेडिओचं बटण बंद केलं. बायनाबाईंनी चहा आणला होता. सविताने तो उभ्यानंच घेतला आणि निघाली.

नोव्हेंबर सरत आला. थंडी वाढली, पहाटेची धुई पडू लागली. आणि टाकळीला वीज आणणारा फीडर पहाटे-पहाटे ट्रिप व्हायला लागला. साडेतीन-चारला लाईन जायची, ऊन पडलं की आपोआप धरायची. दोनदा सविताने सगळी लाईन पायी फिरून बघितली. झाडाची फांदी नाही, तुटकी तार नाही, मेलेलं पाखरू नाही. दिवसा बघावं तर सगळं ठणठणीत. शेतकऱ्यांची हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायची वेळ, आणि पाळी नेमकी पहाटेची. गावातले मोठे शेतकरी महारुद्र फोनवर म्हणाले, "बाई, तुमच्यानं व्हत नसंल तर सांगा. आमी गडीमाणूस मागवू."

तिसऱ्या वेळी फोन आला तो चारच्या आधी. राम जिनिंगवर होता. सविताने स्वेटर चढवलं, कानाला मफलर गुंडाळला आणि स्कूटी काढली. रस्त्यावर धुई इतकी होती की दिव्याचा उजेड चार हातांवर भिंतीला लागल्यासारखा थांबायचा. ती एका हातानं डोळे पुसत चालवत होती. वाटेत एकदा तिला वाटलं की आपण आता झोपलो होतो. स्कूटी रस्त्यावरच होती. तिनं थांबवून तोंडावर बाटलीतलं पाणी मारलं.

टाकळीच्या फाट्यावर थांबून तिनं विचार केला. दहिवर पडलं की ट्रिप, ऊन पडलं की ठीक. म्हणजे कुठंतरी इन्सुलेटरला चीर आहे. खांबावर तारेखाली चिनीमातीची जी टोपी असते तिला बारीक तडा गेला, तर कोरड्यात काही होत नाही. ओल शिरली की त्यातून करंट खांबात उतरतो आणि सबस्टेशनला लाईन बंद पडते. पण खांब एकशे चाळीस. प्रत्येकावर तीन टोप्या. खालून बॅटरी मारून केसाएवढी चीर दिसणार कशी?

आणि मग तिला ते वाक्य आठवलं. लाईन ओरडायलीय.

दत्तरावांच्या घरात कंदील होता. ते जागेच होते, रेडिओपुढं घोंगडी पांघरून बसलेले.

"काका, तुमच्याकडं साधा ट्रान्झिस्टर हाय का? हातात धरायचा?"

म्हाताऱ्यानं फडताळातून एक काळा ट्रान्झिस्टर काढला, सेल घातले, मफलर बांधला आणि पायांत चपला सरकवल्या. बायनाबाई अंथरुणातूनच म्हणाल्या, "हे खोकत्यात, बाई. लय लांब नेऊ नका."

सविताने सबस्टेशनला फोन लावला. तिथं ऑपरेटर दिनकरराव होते.

"दिनकरराव, टाकळी चार्ज करा."

"पुन्हा ट्रिप हुईल."

"होऊ द्या. जेवढा वेळ टिकंल तेवढा टिकू द्या."

लाईन आली. गावातले दिवे एकदम लागले, कुठं तरी मोटारीचा आवाज सुरू झाला. दत्तरावांनी ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधोमध लावला, जिथं काहीच वाजत नाही तिथं, आणि दोघं खांबाखांबानं चालू लागले. खरखर होतीच. मारुतीच्या देवळाजवळ बारीक, पुढं थोडी जाड. चार मिनिटांनी लाईन गेली. सविताने पुन्हा चार्ज करायला लावली. पुन्हा चालणं. दत्तराव ट्रान्झिस्टर आडवा-उभा फिरवत, मान वाकडी करून चालत होते, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. शाळेच्या कुंपणाला लागून एक खांब होता. तिथं ट्रान्झिस्टर असा किंचाळला की दोघंही दचकून मागं झाले.

"हाच," दत्तराव म्हणाले.

तो लोखंडी खांब कुंपणाच्या जाळीपासून हातभर अंतरावर होता. दिवसा पोरं त्याच जाळीला दप्तरं अडकवायची. महिना झाला, तिनं मनात म्हटलं. महिनाभर हा माणूस सांगत होता.

"काका, माघारी सरा. कुंपणाला हात लावू नका."

तिनं दिनकररावांना लाईन बंद करायला सांगितली, परमिटचा नंबर लिहून घेतला, तो पुन्हा वाचून दाखवला. टेस्टर लावून बघितला. मग अलीकडच्या खांबावर अर्थिंग, पलीकडच्या खांबावर अर्थिंग. मग कमरेला बेल्ट आणि ती चढली.

वर जाऊन हात लावेपर्यंत विश्वास नव्हता. मधल्या टोपीला खालून वरपर्यंत एक चीर, आणि चिरेभोवती जळाल्याचा काळा डाग. तिनं जुनी टोपी काढली, डिकीतून आणलेली नवी बसवली, तार बांधली. हात गारठून लाकूड झाले होते. खाली उतरली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते आणि पूर्वेला आभाळ नुसतं फिकं व्हायला लागलं होतं. धुई खाली शेतांवर बसली होती. वर मात्र स्वच्छ. ती खांबापासून दूर जाऊन शाळेच्या पायरीवर बसली. आता दोन्ही अर्थिंग काढायचे, परमिट परत करायचं, लाईन चालू. मग घर.

दत्तराव तिथं नव्हते. थोड्या वेळानं घराकडून त्यांची हाक आली. घाबरलेल्या माणसासारखी हाक.

"बाई! सविताबाई! लवकर या!"

ती धावली. म्हातारा पडला की काय, असं वाटून धावली. ते टेबलापाशी उभे होते, रेडिओवर हात ठेवून.

"ऐका."

खरखर नव्हती. सगळी टाकळी बंद होती. एक मोटार नाही, एक चार्जर नाही, एक दिवा नाही. रेडिओतून बारीक सळसळ येत होती, आणि तिच्यावर मधूनच एक लाट चढायची. सूपभर ज्वारी कुणीतरी सावकाश पाखडावी तशी. चढायची, थांबायची, उतरायची. पुन्हा दुसरी. मग एकदम मूठभर खडे पत्र्यावर फेकल्यासारखा तडतडाट झाला आणि थांबला.

"हा गुरू," दत्तराव म्हणाले. "नऊ वर्सांत चौदा बारी ऐकला म्या. इतका साफ कधीच न्हाई."

सविता दाराला टेकली. "काका, मला परमिट परत करायचंय."

"पाच मिनिटं. नुसती पाच मिनिटं, माय."

तिला नाही म्हणायचं होतं. पण खाली बसायचंही होतं, आणि दारात पोतं पडलेलं होतं. ती बसली.

दत्तरावांनी मोबाईलवर एक फोटो उघडून तिच्यापुढं धरला. नारिंगी पट्ट्यांचा मोठा गोळा आणि त्याच्या डोक्यावर निळ्या उजेडाचं कडं, पेटलेल्या गॅसच्या शेगडीसारखं. "डोळ्याला असा दिसत न्हाई. यंत्रानं घेतलेला फोटो हाय. ह्या कड्याच्या भायेर हा ठिपका बघा. गुरूला एक चंद्र हाय, ज्वालामुखीवाला. तो फिरता फिरता वीज तयार करतो, आपल्या जनरेटरवाणी. ती वीज तिथून निघती आन् गुरूच्या ध्रुवावर उतरती. जितं उतरती तितं हा ठिपका."

"किती व्होल्ट?" सविताने विचारलं. सवयीनं विचारलं.

"चार लाख."

"चारशे केव्ही," ती म्हणाली. मोठ्या टॉवरच्या लाईनवर असतं तेवढं. ते तिला ठाऊक होतं. "आन् ॲम्पिअर?"

"तीस लाख धरा."

सविताने मान वर केली. गावच्या डीपीवर शंभर-दीडशे ॲम्पिअर चढले तरी फ्यूज फुलबाजीसारखा उडतो. तीस लाख हा आकडा तिच्या डोक्यात मावेना.

"तार कुठली?"

"तारच न्हाई."

"खांब?"

"खांबबी न्हाई. चार लाख किलोमीटर अंतर, नुसतं मोकळं."

रेडिओत पुन्हा एक लाट चढली. सविता ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग तितं लाईनमन कोण हाय?"

दत्तरावांना वाटलं ती चेष्टा करते. ते हसले. "कोण असणार? कोणीच न्हाई."

ती हसली नाही. एवढी वीज, आणि तिच्याखाली कुणी शिडी धरून उभं नाही. वर कुणी चढलेलं नाही. खालून शिव्या देणारं नाही, घाई करणारं नाही, कुणाची बायको दवाखान्याच्या दारात बसलेली नाही. नुसती वीज जाते आणि उजेड पडतो. आजवर विजेचा जो आवाज तिनं ऐकला होता, तो प्रत्येक वेळी तिला कुठंतरी पळायला लावणारा होता. ह्या आवाजाचं तिला काहीच करायचं नव्हतं. ऐकणं सोडून काहीच नाही.

"हे आत्ता चाललंय?"

"अडतीस मिनिटं झाली निघून. इतं पोचायला तेवढा टाईम लागतो."

अडतीस मिनिटांपूर्वी आपण खांबावर चढत होतो, तिनं हिशोब केला. तिचे डोळे भरून आले. ती पुसायला गेली तर हातमोज्याला ग्रीस होतं, ते गालाला लागलं. दत्तरावांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. बायनाबाई उठून बसल्या होत्या. त्यांनी आपल्या अंगावरची वाकळ काढून तिच्या पायांवर टाकली.

ओसरीतून वर बघितलं तर मावळतीकडं एक मोठा, न लुकलुकणारा ठिपका होता. इतका साधा की रोज दिसला असेल आणि कधी बघितला नसेल.

तिनं घड्याळ बघितलं तेव्हा पाच मिनिटांची अकरा झाली होती. ती उठली, अर्थिंग काढले, परमिट परत केलं. लाईन आली, आणि ह्या वेळी टिकली.

गोष्ट एवढ्यावर मिटली नाही. गावच्या ग्रुपवर दुपारपर्यंत मेसेज फिरला: काम झाल्यावर बाई म्हाताऱ्याच्या घरात रेडिओ ऐकत बसल्या, गाव अंधारात. कुणीतरी खिडकीतून बघितलं होतं. महारुद्रांनी कार्यालयात तक्रार दिली. सविताला लेखी खुलासा मागितला. तिनं तो घरी बसून लिहिला. दगडाबाई शेजारी लसूण सोलत होती.

इन्सुलेटर बदलल्याचं, तो शाळेच्या कुंपणाजवळ असल्याचं, सगळं लिहून झाल्यावर शेवटी तिनं लिहिलं: काम पूर्ण झाल्यावर परमिट परत करण्यास अकरा मिनिटे उशीर झाला. कारण, मी दमले होते.

साहेबांनी ते वाचलं. "असं लिहितात का खुलाशात? अर्थिंग पुन्हा तपासत होते, असं काहीतरी लिहा."

"तपासत नव्हते, साहेब."

"मग काय करत होता?"

गुरू ऐकत होते, असं कार्यालयात उभं राहून सांगण्याची ताकद तिच्यात नव्हती. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद दोन वेळा वाचला आणि फाईलला लावला. लेखी ताकीद मिळाली. फुटक्या टोपीबद्दल कुणी काही बोललं नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तेवढं दुसऱ्या दिवशी स्वतः वालूरला येऊन पेढ्यांचा पुडा दिला आणि चुकचुकत म्हणाले, "आमची दीडशे लेकरं हायेत हो बाई त्या जाळीपाशी." पुडा अपेक्षानं संपवला.

दत्तरावांनी तिला तो काळा ट्रान्झिस्टर देऊन टाकला. ती घेत नव्हती; ते म्हणाले, "माज्यापाशी पडूनच हाय. तुमच्या कामाला येईल." आणि खरंच आला. त्या हिवाळ्यात तिनं त्यावर आणखी दोन फुटक्या टोप्या शोधल्या. बरोबरचे लोक आधी हसले, 'बाई गाणी ऐकत लाईन बघत्यात' म्हणाले. मग एकानं मागून नेला आणि आठवडाभर परत दिला नाही.

दमणूक मात्र गेली नाही. ती एका पहाटेनं जाणारी नव्हतीच. अकरा गावं अकराच राहिली. फरक पडला तो असा, की कधीमधी स्कूटीवरून जाताना ती आभाळाकडं मान वर करायची, आणि गुडघ्यांऐवजी दुसरं काही तरी घटकाभर मनात यायचं.

जूनमध्ये तिची बदली चुडाव्याला झाली. ताकीद मिळाल्यामुळं झाली की नियमानं झाली, हे कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. खोली रेल्वे स्टेशनच्या जवळच मिळाली. पावसाळा संपल्यावर तिनं दत्तरावांकडून तांब्याची तार आणि एक जुना रेडिओ मागवून घेतला. रामनं बांबू रोवून दिले. एका पहाटे तिनं आईला बरोबर घेऊन तो चालू केला. नुसता घूं-घूं असा आवाज, दुसरं काही नाही.

"हे काय ऐकायलीस?" दगडाबाईनं विचारलं.

सविताने वर बोट दाखवलं. दगडाबाईनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं.

"हे व्हय! कारखान्यावर असताना गाडी भरून निघालं की हे डोक्यावर असायचं. त्याच्याकडं बघून तुजा बाप म्हनायचा, अजून टाईम हाय, जरा टेकू."

"टेकायचे का?"

"कुठलं टेकतो? मुकादम बोंबलायचा."

सकाळी सविताने दत्तरावांना फोन केला. ते खळखळून हसले, मग बराच वेळ खोकले. "रेल्वेची लाईन हाय न तितं? पंचवीस हजार व्होल्ट! तिच्याशेजारी गुरू कुठला ऐकू येतो, बाई? तीन-चार किलोमीटर रानात जा. पूर्णा नदीच्या अंगानं. आन् ह्या महिन्याच्या अखेरीला जा, मी तारीख काढून देतो."

तिनं तारीख लिहून घेतली. रविवार होता तो. आठवड्यातला तेवढा एकच दिवस ती सहापर्यंत झोपत असे.

"जाईन म्हणते," ती म्हणाली.